रुग्णाच्या नजरेतून सरकारी दवाखाना : देशोदेशीचा अनुभव

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आला आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थानांतून फिरत असता त्यांच्या तो दृष्टीस पडला. चौकशी केली तेव्हा समजले की, हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतर कोणी त्याच्याकडे पाहत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी भिक्खूंना एकत्र जमवून नियम घालून दिला. आजारी भिक्खूची शुश्रूषा त्याच्या उपाध्यायांनी, आचार्यांनी, शिष्यांनी करावी. यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाची जबाबदारी राहील आणि संघाने ती टाळली तर दोष संघाला लागेल.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. आजारी माणूस इतरांच्या किती उपयोगाचा आहे, यावर त्याची शुश्रूषा अवलंबून ठेवू नये, ही पहिली. ही शुश्रूषा कोणाच्या लहरीवर किंवा दयेवर न सोडता तिचा नियम करावा, ही दुसरी. आजच्या भाषेत या दुसऱ्या गोष्टीलाच आपण सार्वजनिक आरोग्यव्यवस्था म्हणतो.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांच्या आयुष्यात सरकारी दवाखाना जन्मापासून मरणापर्यंत सोबत असतो. एका मोठ्या आजारपणात नोकरदार घराची दहा-पंधरा वर्षांची बचत संपते, मजुराच्या घरात तर सावकार येतो आणि पहिली गदा मुलीच्या शिक्षणावर येते. दुसरीकडे आपली मुले-मुली शिष्यवृत्त्या मिळवून इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, जपान येथे शिकावयास जात आहेत. एक जण फोनवर सांगतो, 'येथे डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळते.' दुसरी सांगते, 'शस्त्रक्रिया झाली, पण एक पैसाही द्यावा लागला नाही.' दोघेही खरे बोलत असतात आणि बहुधा एकाच देशाविषयी बोलत असतात. व्यवस्था कशी चालते हे समजल्याखेरीज अशा अनुभवांचा अर्थ लागत नाही. तो लावण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मोजमाप कशाने करावे ?

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर कोणत्याही आरोग्यव्यवस्थेला पाच प्रश्न विचारता येतात. १) दार कोणाला उघडे आहे ? २) खिशातून किती जाते ? ३) किती थांबावे लागते ? ४) माणूस म्हणून वागविले जाते काय ? ५) चूक झाली तर दाद कोठे मागावयाची ?

यांतील चौथा प्रश्न आपल्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्याचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत येण्यास तयार होईना. अखेर तो आला, पण रुग्णाला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाकडे दिला, शिक्षकाने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. न्यूमोनिया झाल्याचे सांगून डॉक्टर निघून गेला, पुन्हा बोलावले तेव्हा आला नाही आणि ती बाई दगावली. येथे डॉक्टर होता, औषध होते, फी देण्याचीही तयारी होती. स्पर्श मात्र नव्हता. म्हणून केवळ खाटांची आणि डॉक्टरांची संख्या मोजून आपले भागत नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'तुम्ही समाधानी आहात काय ?' असे रुग्णाला विचारून मिळालेले उत्तर जसेच्या तसे घेता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, भारतात सर्वांत दीर्घायुषी असलेल्या केरळमधील लोक आजाराच्या तक्रारी सर्वाधिक नोंदवितात, तर आरोग्याने मागे असलेल्या बिहारमध्ये त्या कमी नोंदल्या जातात. ज्याला शिक्षण आणि दवाखाना मिळाला आहे त्याला आजार ओळखता येतो आणि तक्रारही करता येते. ज्याला पिढ्यान्पिढ्या काहीच मिळाले नाही, तो जे आहे तेच नशीब मानतो. तेव्हा जेथे तक्रारी अधिक तेथील व्यवस्था वाईटच, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

ब्रिटन : फुकट दार, लांब रांग

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा शिल्पकार अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील ट्रेडेगर या गावचा खाणकामगार होता. या गावात कामगारांनी १८९० पासून आपली वैद्यकीय साहाय्य सोसायटी चालविली होती. मजुरीच्या दर पौंडामागे तीन पेनी कापून घेऊन त्यातून डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांचा खर्च भागविला जाई. आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हनने आपल्या गावात पाहिलेली रीत सबंध देशाला लागू केली. वर्गणीच्या जागी कर आला आणि गावाच्या जागी राष्ट्र आले. सोसायट्या चालविणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास मुद्दाम लक्षात ठेवावा.

तेथे रुग्णाचा अनुभव असा असतो. प्रत्येकाने आपल्या भागातील एका डॉक्टरकडे नाव नोंदवावयाचे. त्यांना 'जी.पी.' म्हणतात. ताप असो वा छातीत गाठ, आधी जी.पी.कडेच जावे लागते. त्यांना आवश्यक वाटले तर ते तज्ज्ञाकडे पाठवितात. तपासणी, शस्त्रक्रिया, बाळंतपण, रुग्णालयातील जेवण, कशाचेच बिल येत नाही. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम द्यावी लागते. २०२४ मध्ये ती ९.९० पौंड होती. मुले, साठीपुढील नागरिक, गरोदर स्त्रिया इत्यादींना तीही माफ असते. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे औषधे सर्वांनाच मोफत आहेत.

या व्यवस्थेचे दुखणे म्हणजे प्रतीक्षा. तज्ज्ञाकडे पाठविल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, असा नियम आहे. परंतु इंग्लंडमध्ये २०१६ पासून तो पाळला गेलेला नाही. २०२३ मध्ये तेथील प्रतीक्षायादी ७५ लाखांच्या वर गेली होती. गुडघा किंवा मोतीबिंदू यांसारख्या शस्त्रक्रियांसाठी महिनोन् महिने वेदना सोसत थांबणारी माणसे तेथे आहेत. लोकांचा राग आकड्यांत दिसतो. ब्रिटिश जनतेच्या वार्षिक पाहणीत या सेवेबद्दल समाधानी असणाऱ्यांचे प्रमाण २०१० मध्ये ७० टक्के होते. २०२४ मध्ये ते २१ टक्क्यांवर आले. मात्र त्याच पाहणीत दहापैकी नऊ लोक असेही म्हणतात की, उपचार गरजेच्या वेळी मोफतच मिळाले पाहिजेत. घर गळते म्हणून ते घर मोडावयास निघालेले नाहीत, दुरुस्ती मागत आहेत. हा फरक आपण समजून घेण्यासारखा आहे.

कॅनडा आणि अमेरिका : शेजारी देश, वेगळे न्याय

कॅनडाच्या व्यवस्थेचे मूळ एका आजारी मुलाच्या अनुभवात आहे. टॉमी डग्लस या मुलाच्या पायाचे हाड सडू लागले होते. घरची गरिबी असल्यामुळे पाय कापण्याची वेळ आली होती. विनिपेग येथील एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने त्याच्यावर विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला. हा मुलगा पुढे सस्कॅचवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला. आपला पाय योगायोगाने वाचला, इतरांच्या मुलांचे पाय योगायोगावर का सोडावेत, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. त्याच्या सरकारने १९४७ मध्ये रुग्णालयाचा खर्च शासनाकडे घेतला. १९६२ मध्ये डॉक्टरांची सेवाही सर्वांना मोफत झाली. तेव्हा प्रांतातील डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण योजना टिकली आणि देशभर पसरली. १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून वरकड पैसे घेण्यास पायबंद घातला.

कॅनडात रुग्णालयात गेल्यावर आरोग्यकार्ड दाखविले की काम होते. तथापि रुग्णालयाबाहेर घ्यावयाची औषधे, दात आणि चष्मा यांचा खर्च या मूळ हमीत येत नाही. अलीकडच्या काळात त्यासाठी वेगळ्या योजना निघू लागल्या आहेत. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळण्यास लागणारा उशीर ही तेथील लोकांची मोठी तक्रार आहे.

सीमेपलीकडे अमेरिकेत विज्ञान सर्वांत पुढे गेलेले आहे. तेथे १९६५ पासून वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या सरकारी योजना आहेत. बाकीच्यांनी खाजगी विम्यावर राहावयाचे. २०१० च्या कायद्याने विमा नसलेल्यांची संख्या बरीच घटली, तरी २०२३ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख लोक विम्याबाहेर होते. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तातडीच्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. बिल मात्र नंतर घरी येते. विमा असूनही सुरुवातीची ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरावयाची असते. विमा कंपनीच्या यादीत नसलेल्या डॉक्टरकडे गेले तर खर्च आणखी वाढतो. म्हणून तेथील रुग्णाला आजाराइतकीच टपालाचीही भीती वाटते.

२०२४ मध्ये अमेरिकेतील 'कॉमनवेल्थ फंड' या संस्थेने दहा श्रीमंत देशांची तुलना प्रसिद्ध केली. तीत ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि ब्रिटन वरच्या तीन क्रमांकांवर होते, तर अमेरिका शेवटी. आरोग्यावर सर्वाधिक पैसा अमेरिकाच खर्च करते. यावरून पैसा किती ओतला, यापेक्षा तो कोणत्या वाटेने गेला, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

जपान : वर्गणी सर्वांची, दर एकच

जपानने १९६१ मध्ये प्रत्येक नागरिकाला आरोग्यविम्याखाली आणले. नोकरदाराचा विमा नोकरीतून, इतरांचा नगरपालिकेमार्फत. वर्गणी उत्पन्नाप्रमाणे असते. उपचाराच्या वेळी बिलाचे सामान्यतः ३० टक्के रुग्णाने द्यावयाचे, वृद्धांनी त्याहून कमी. महिन्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर वरचा बहुतेक भार विमा उचलतो. प्रत्येक उपचाराचा दर सरकार ठरविते आणि तो देशभर एकच असतो. त्यामुळे 'या डॉक्टरांचे किती ?' असे विचारावे लागत नाही. रुग्णाला कोणत्याही डॉक्टरकडे थेट जाता येते. याचा दुसरा परिणाम म्हणजे मोठ्या रुग्णालयांत गर्दी होते. तीन तास थांबावे आणि तीन मिनिटांत बाहेर यावे, अशा अर्थाची म्हणच तेथे रूढ झाली आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही या विम्यात सामील व्हावे लागते.

श्रीलंका आणि थायलंड : दोन बौद्ध देश

श्रीमंत देशांचे ठीक आहे, गरिबांना हे कसे परवडावे, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. त्याला या दोन देशांनी कृतीने उत्तर दिले आहे.

श्रीलंकेत मिहिंतले येथे नवव्या शतकातील विहाराच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. औषधी स्नानासाठी माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी कुंडी तेथे आजही पाहावयास मिळते. आधुनिक काळात १९२६ मध्ये कळुतारा येथे पहिले आरोग्य पथक सुरू झाले. १९३१ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत ८० हजारांहून अधिक माणसे मेली. मतासाठी खेड्यात जावे लागणाऱ्या पुढाऱ्यांना मग दवाखानाही खेड्यात न्यावा लागला. १९५१ पासून सरकारी उपचार सर्वांना मोफत झाले. प्रशिक्षित सुईण घरोघर जाऊन गरोदर स्त्रीची नोंद ठेवते, हे या व्यवस्थेचे बळ आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू तेथे ३० च्या आसपास आहेत. भारतात २०१८-२० च्या नमुना नोंदणी अहवालाप्रमाणे हा आकडा ९७ होता, महाराष्ट्रात मात्र ३३.

श्रीलंकेतील रुग्ण चिठ्ठीवाचून थेट मोठ्या रुग्णालयात जाऊ शकतो. त्यामुळे लहान दवाखाने ओस आणि मोठ्या रुग्णालयांत पहाटेपासून रांगा, असे चित्र दिसते. सरकारी डॉक्टरांना कामाच्या वेळेनंतर खाजगी व्यवसायाची मुभा आहे. ज्याला परवडते तो संध्याकाळी पैसे देऊन त्याच डॉक्टरला दाखवितो. २०२२ च्या आर्थिक अरिष्टात परकीय चलन संपले, औषधे मिळेनाशी झाली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मोफत सेवेची हमी कागदावर असून चालत नाही, कोठीत औषध असावे लागते, हा त्याचा धडा.

थायलंडने आधी पाया घातला आणि मग घोषणा केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीची सेवा करावी लागते. १९८० च्या दशकात शहरी रुग्णालयांचा विस्तार रोखून तालुक्यातालुक्याला रुग्णालये बांधली गेली. गावोगावी आरोग्य स्वयंसेवक तयार झाले. आज त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. डॉ. सांगुआन नित्तयारंफाँग या ग्रामीण भागात काम केलेल्या डॉक्टरने सार्वत्रिक योजनेची मांडणी केली. २००१ मध्ये ती '३० बाथ योजना' म्हणून सुरू झाली आणि २००२ मध्ये तिचा कायदा झाला. दवाखान्यात एका भेटीचे ३० बाथ म्हणजे आजच्या दराने शंभर रुपयांच्या आत. साधा ताप असो वा कर्करोग, रक्कम तीच, आणि अगदी गरिबाला तीही माफ. २००८ पासून मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिसही तीत आले. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक या योजनेत आहेत.

थाई रुग्णाने आपल्या नोंदणीच्या दवाखान्यात आधी जावे आणि तेथून चिठ्ठी घेऊन वरच्या रुग्णालयात जावे, अशी मूळ रीत होती. २०२४ पासून ती टप्प्याटप्प्याने सैल करण्यात येत आहे. तक्रारीसाठी १३३० हा दूरध्वनी आहे. उपचारात इजा झाली तर चूक कोणाची हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत थांबावे लागत नाही. कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली प्राथमिक आर्थिक मदत मिळते. उणिवाही आहेतच. सरकारी नोकर, खाजगी कामगार आणि बाकीची जनता यांच्या योजना वेगळ्या आहेत आणि सरकारी नोकरांची योजना अधिक सढळ आहे. प्रांतिक रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिका कामाच्या ओझ्याने वाकले आहेत. तरीही एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा तेथे दहा टक्क्यांच्या आसपासच राहतो.

आपल्याकडे काय दिसते ?

आपल्या देशातही स्वप्न लहान नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल तयार झाला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९४६ च्या भोर समितीने सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात निर्णय दिला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या माणसाला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने म्हटले.

प्रत्यक्षात काय घडते ? सकाळी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग रक्त तपासणीची, मग औषधाच्या खिडकीची. त्या खिडकीवर 'हे बाहेरून आणा' ही चिठ्ठी मिळते. एक दिवसाची मजुरी बुडते. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणत्या खोलीत जावे हे सांगणारे कोणी नसते. आणि नाव, पत्ता किंवा बोलण्याची ढब यावरून आवाजाची पट्टी बदलते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, मुंबईच्या के.ई.एम.सारख्या महापालिका रुग्णालयांत एकेका डॉक्टरच्या हाताखालून जाणारे रुग्ण पाहिले, तर त्यांची मेहनत थक्क करणारी आहे. दोष बहुतेक वेळा माणसांचा कमी आणि अपुऱ्या माणसांचा अधिक असतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, पण थायलंडच्या तुलनेत अंतर मोठे आहे. सरकारचा आरोग्यावरील खर्च २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

तुलनेतून काय हाती येते ?

पहिली गोष्ट, रांग सर्वत्र आहे. फरक आहे तो रांग कशाने लावली जाते यात. गरजेप्रमाणे लागलेल्या रांगेत छातीत दुखणारा पुढे जातो. पैशाप्रमाणे लागलेल्या रांगेत पाकीट पुढे जाते आणि ज्याचे पाकीट रिकामे तो रांगेतूनच नाहीसा होतो. तो मोजला जात नाही म्हणून ती रांग आखूड दिसते.

दुसरी गोष्ट, घराजवळचा पहिला डॉक्टर भक्कम असेल तर मोठे रुग्णालय श्वास घेऊ शकते. ब्रिटनचा जी.पी. आणि थायलंडचा तालुका दवाखाना हे काम करतात. श्रीलंकेत आणि आपल्याकडे हा दुवा कच्चा आहे, म्हणून सर्दीचा रुग्णही जिल्हा रुग्णालयात येतो.

तिसरी गोष्ट, विमा म्हणजे संपूर्ण आरोग्यसेवा नव्हे. आपल्या बहुतेक सरकारी विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात. मधुमेहाची व रक्तदाबाची रोजची गोळी मात्र खिशातूनच येते आणि कुटुंबे याच नित्याच्या खर्चाने झिजतात. जपान आणि थायलंडमधील योजनांत बाह्यरुग्ण तपासणी व औषधे धरलेली आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जी सेवा केवळ गरिबांसाठी ठेवली जाते, ती हळूहळू निकृष्ट होते, कारण तिच्यासाठी भांडणारा आवाज उरत नाही. ब्रिटनमध्ये प्राध्यापक आणि सफाई कामगार एकाच प्रतीक्षायादीत असतात, म्हणून यादी लांबली की संसदेत प्रश्न विचारला जातो. आपल्यातील शिकलेला, नोकरीला लागलेला वर्ग सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा मागे राहिलेल्या बांधवांचा आवाजही तो आपल्याबरोबर घेऊन जातो. याचा विचार आपण प्रत्येकाने करावयाचा आहे.

सभासद आणि विद्यार्थ्यांसाठी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ च्या निर्णयाने वाढली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. दाखल होतानाच, बिल होण्यापूर्वी, शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. विचारल्याशिवाय त्या बहुधा मिळत नाहीत, तेव्हा विचारावे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेप्रमाणे आजाराची माहिती, उपचाराची कागदपत्रे, स्त्री रुग्णाच्या तपासणीवेळी स्त्रीची उपस्थिती आणि भेदभावरहित वागणूक हे रुग्णाचे हक्क आहेत. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, असेही ती सनद सांगते.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे की, ब्रिटनच्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला. तो भरला म्हणजे राष्ट्रीय आरोग्यसेवेचे दार खुले झाले, पण पहिल्याच आठवड्यात जी.पी.कडे नाव नोंदवावे, आजारी पडण्याची वाट पाहू नये. किरकोळ शंकेसाठी १११ आणि जिवावर बेतल्यास ९९९ हे क्रमांक पाठ असावेत. अमेरिकेत जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या विम्याचे कागद जाण्यापूर्वी वाचावेत. सुरुवातीला स्वतः किती भरावयाचे, कोणते डॉक्टर यादीत आहेत आणि दातांचा खर्च धरला आहे की नाही, या तीन गोष्टी तरी पाहाव्यात.

सोसायटीच्या पातळीवर एक साधी गोष्ट करता येईल. प्रत्येक शाखेने दोन तरुण-तरुणींना रुग्णसाथी म्हणून तयार करावे. जिल्हा रुग्णालयात कोणती खिडकी कोठे आहे, योजनेचे कागद कोणते लागतात, तक्रार कोणाकडे लेखी द्यावयाची, एवढे त्यांना ठाऊक असावे. एकट्या आलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर त्यांनी रांगेत उभे राहावे. थायलंडचे दहा लाख स्वयंसेवक याहून फार वेगळे काही करीत नाहीत. त्याचबरोबर औषध नसल्याची, डॉक्टरांचे पद रिक्त असल्याची नोंद ठेवून ती ग्रामपंचायतीपासून आमदारांपर्यंत लेखी पोचवावी. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी आपली तीन पेनी देताना शेजाऱ्याचा विचार केला होता. आपल्या वर्गणीतही तेवढे बळ आहे. आजारी माणसाला कोणी नसेल तेव्हा संघाने उभे राहावे, हा आपला अडीच हजार वर्षांपूर्वीचा नियम आहे. तो पाळण्यास प्रारंभ आपल्या गावच्या दवाखान्यापासून करता येईल.